भिंत कुणाची का असंना

८ जानेवारी २००७

"अक्का, भिंत कुणाची का असंना, चित्र माझं हाय."

दत्ता लहान असताना म्हणाला होता. शेजारच्या अडत दुकानाच्या नव्या पांढऱ्या भिंतीवर त्यानं गेरूनं हत्ती काढला होता. अडत्या शिव्या देत होता, अप्पांनी चप्पल हातात घेतली होती, आणि हा मला शांतपणे समजावून सांगत होता. मला हसू आवरेना. एक चप्पल मलाही बसली.

आज शाळेत शिकवायला जाताना बसस्टँडजवळ ते वाक्य आठवलं. तिथं दत्ताची टपरी होती. 'दत्ता पेंटर' असं मराठी, कन्नड, उर्दू तिन्हींत लिहिलेलं. आता तिथं फ्लेक्सवाला बसतो.

माझा हा धाकटा भाऊ सहा वर्षं आखातात राहून दिवाळीनंतर परत आला. अजून एक रेघ मारलेली नाही.

१० जाने.

शाळेतून परस्पर मायकडं. दत्ता टीव्हीसमोरच. तिकडून येताना त्यानं हा रंगीत टीव्ही आणला आणि एक व्हिडिओ गेमचं मशीन. मशीन जुनं, खोलीतल्या फिलिपिनो साथीदारानं गावी जाताना देऊन टाकलेलं. सोबत एकच सीडी.

आज पहिल्यांदा नीट बसून पाहिलं. चाकांचे बूट घातलेली पोरंपोरी, कानांवर वाटीएवढे हेडफोन. कुठल्याशा परदेशी शहरात रस्त्यांवरून, कठड्यांवरून, जिन्याच्या दांड्यांवरून घसरत जातात. वाटेत पडलेले रंगाचे डबे उचलायचे आणि दिसेल त्या भिंतीवर फवारून चित्र काढायचं. दुसऱ्या टोळीचं चित्र आधी असलं तर त्याच्यावर आपलं. मागं पोलीस. एक फौजदार तर हे एवढं पिस्तूल घेऊन. गाणी सारखी चालूच.

मायला काळजी पोरांच्या आईबापांची. "कुणाची रं लेकरं ही? घरचे हुडकत न्हाईत व्हय ह्यायला?"

"हुडकायलेत की. ते बग, पोलीस लावलेत मागं."

"मग पळव की लवकर. बसलास काय."

तिघंही हसलो. मग द. आपणहून बोलला, ही नवलाची गोष्ट. "अक्का, बॉर्डर बग. काळी बॉर्डर मारून आत सपाट रंग भरलाय. शेडिंग न्हाई, काई न्हाई. आमचंच काम हाय हे. तिकडं कुणीतरी बसून आमच्यासारखंच करायलंय."

खरंच तसं आहे. जत्रेतल्या पडद्यासारखे रंग. खोटं कशाला, मला आवडलं.

करंट गेला. अंधारात तो तसाच बसून राहिला, हातात खेळाची ती बटणांची वस्तू धरून.

१५ जाने.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मुडबीला. दत्ताची बायको सुनंदा महिनाभर माहेरी आहे, गौरीला घेऊन. गौरी सात वर्षांची. बाप गेला तेव्हा रांगण्यातून नुकती उठत होती.

सुनंदानं चहा केला. मी विषय काढायच्या आधी तीच म्हणाली, "अक्का, मी रुसून न्हाई आले. भांडायला माणूस तर पाहिजे समोर. मी बोलले की 'हां' म्हणतेत. गौरी म्हणली, बाबा, शाळेत सोडा, तरी 'हां' अन् तिथंच बसलेले. सहा वर्षं फोनवर 'हां' ऐकलं. आता घरात बसून बी तेच ऐकू?"

तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"ब्रश हातात घेतला म्हणून निरोप पाठवा. त्या दिवशी येते. मला पगार नको, पाणी नको. ब्रश घेतला, एवढंच कळवा."

निघताना बाहेरच्या भिंतीवर तो हत्ती दिसला. पुसट झालाय, सोंड आणि एक पोपट शिल्लक. दत्ता-सुनंदाच्या लग्नाची भिंत. नवरीच्या घराची भिंत नवरदेवानं स्वतः येऊन रंगवली होती, लग्नाच्या आधी. लोक हसले होते. सुनंदा खिडकीआडून बघत होती म्हणे.

तिच्या बापानं एवढ्या वर्षांत त्या भिंतीला चुना लागू दिलेला नाही.

२१ जाने.

आज कळलं. इतके दिवस कसं दिसलं नाही मला.

द. चहा निम्माच घेतो, थंड झाल्यावर, दोन्ही हातांनी कप धरून. आज मायनं भरून दिला. बशीत कप वाजायला लागला. त्यानं पटकन खाली ठेवला. उजवा हात. मी बघितलं हे त्यानं बघितलं.

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली."

मग थोडं थोडं सांगितलं. पासपोर्टच्या कागदांत 'पेंटर' लिहून गेला होता. याला वाटलं बोर्ड लिहायचे असतील. तिथं लोखंडी नळ्यांचं यार्ड. आधी मशीननं गंज खरवडायचा, मशीन अंगभर थरथरतं, मग फवारा मारायचा. "एकच रंग, अक्का. राखाडी. सहा वर्सं. आधी वाटलं उद्या दुसरा डबा उघडतील."

मी विचारलं, मग हे हातात धरून दिवसभर खेळतोस ते कसं जमतं?

टीव्हीकडं बघतच म्हणाला, "ह्यात हात हलला तरी चित्र हलत न्हाई."

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, डॉक्टरला दाखवू, बसस्टँडवरच्या नाही, नीट मोठ्या डॉक्टरला. ह्यांचं हे बरं असतं, काहीतरी करायचं सापडतं.

२५ जाने.

गुलबर्ग्याला जाऊन आलो, द., हे आणि मी. डॉक्टर तरुण, बोलायला चांगले. तपासलं, हातोडी मारली, बोटं धरायला लावली. मग कोरा कागद पुढं सरकवला. म्हणाले, मधून सुरू करून गोल गोल रेघ काढत बाहेर या, गोगलगाय असते तशी.

द.नं पेन उचललं. कागदाकडं बघितलं. पेन खाली ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, ते सोडून काई बी सांगा."

"अहो, साधी रेघ आहे. तपासणीसाठी."

"म्हणूनच."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

गोळ्या दिल्यात. थोडा फरक पडेल, पूर्ण जाईल असं नाही म्हणाले. येताना बसमध्ये द. झोपला होता, की डोळे मिटून होता.

२८ जाने.

त्या खेळात आपलं आपण चित्र तयार करता येतं म्हणे. एकेक ठिपका भरून. दत्तानं दाखवलं. हत्ती. अंबारी, झूल, सोंडेत हार, वर दोन पोपट. अगदी त्याचा हत्ती, लग्नाच्या भिंतीवरचा. किती दिवस लागले विचारलं तर, "आखाड्यात शिरल्यावर कोण मोजतंय."

मग खेळ सुरू केला. हेडफोनवाली एक पोरगी सुसाट आली, वाकली, फस्स आवाज झाला, आणि त्या परक्या शहरातल्या पुलाखाली आमच्या बसवकल्याणचा हत्ती उभा राहिला. रेघ स्वच्छ. कुठं कंप नाही.

मायनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं भरून आलं असेल. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "सुमे, हे बरं न्हाई. त्याचा हात काढून त्या पेटीत ठिवलाय कुणीतरी."

"माय, काहीतरीच."

"मग हितं हलतोय अन् तिथं कामून हलत न्हाई?"



३ फेब्रु.

काल पौर्णिमेला गाणगापूर. मायचा हट्ट. द. तिथल्याच नवसाचा, नावही त्यावरून. तो विरोध न करता आला. हल्ली कशालाच करत नाही.

संगमावर स्नान, औदुंबराला फेऱ्या, पाच घरची माधुकरी. झोळी धरून दत्ता दारात उभा राहिला तेव्हा एका बाईनं भाकरी घालताना विचारलं, कुणासाठी करताय? "माझ्यासाठीच," म्हणाला. दुपारच्या आरतीला बायाबापड्या गजांवर चढून किंचाळत होत्या, केस सोडून. गर्दीतल्या एका लातूरच्या म्हाताऱ्यानं मायला विचारलं, तुमच्यात कोण बाधलंय? मायनं दत्ताकडं बोट दाखवलं. म्हातारा त्याला न्याहाळून म्हणाला, "हे तर लई गप हाय." द. हसला. परत आल्यापासून त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

परत निघताना माय संगमावर पुन्हा एकटी जाऊन आली. तांब्या विसरला म्हणाली.

आज सकाळी दत्तानं मशीन लावलं. आत सीडी नाही.

मायनं लपवलं नाही काही. खणात नारळ, लिंबू आणि ती सीडी बांधून नेली होती. "मशीन न्हाई टाकलं. मशीन महागाचं हाय. आतलं तेवढं सोडलं पाण्यात. लगेच बुडली बी न्हाई ती. उन्हात एकदा कशी चमकली, मग गेली. म्हणून म्हणते, हुतं तिच्यात काईतरी."

मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर? ती माउली पायात गोळे आलेले असताना दोनदा उतरली घाट.

दत्ता एवढंच म्हणाला, "माय, तिच्यात माझा हत्ती हुता."

माय रडायला लागली. त्यानंच तिला पाणी दिलं. डाव्या हातानं.

५ फेब्रु.

हत्ती सीडीत नव्हता. दत्तानंच आज सांगितलं, परवा तोंडून तसं गेलं होतं त्याच्या. हातात धरायच्या त्या वस्तूत एक छोटी डबी बसते, खेळातलं सगळं तिच्यात साठतं. सीडी नसली तरी मशीन चालू केलं की डबीतली यादी दिसते. एक चौकोनी खूण, आगपेटीवरच्या चित्राएवढी. ती उघडायला सीडीच लागते.

"हाय त्यात. दिसत न्हाई तेवढं."

आता तो त्या खुणेसमोर बसतो. गाणी नाहीत, पोरं नाहीत, फौजदार नाही. मायला हे जास्त असह्य होतंय. आज तिनंच विचारलं, दुसरी सीडी कुठं मिळंल रं?

२४ फेब्रु.

माझ्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी हैदराबादला कॉम्प्युटरच्या दुकानात आहे. तिला फोन केला होता, आज तिचा आला. "मॅडम, ते मशीनच कंपनीनं कधीचं बंद केलंय. सीडी आता कोण ठेवणार? दुसरं नवीन मशीन घ्या ना, त्यात गाड्यांचे छान खेळ आहेत."

तिची चूक नाही.

टपरी गेली, बोर्ड गेले, आता बंद पडलेल्या मशीनची बुडालेली सीडी शोधतेय मी. शोधून त्याला परत तिथंच बसवणार का? सुनंदाला तेच तर नको होतं. मला नक्की काय हवंय, लिहिता लिहिता कळेल असं वाटलं होतं.

१८ मार्च

आमच्या लेकीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. मुलगा उमरग्याचा, नोकरी पुण्यात. दोघांचं आधीच पटलेलं, आम्ही फक्त मान डोलवली. पुढं अधिक महिना, म्हणून १३ मे धरला.

घरात आनंद आहे. मीही आनंदात आहे. पण मनात लगेच दुसरंच आलं. आमच्या घरात लग्नाच्या भिंतीला पहिला गेरू मामानं लावायचा. मग पेंटरनं हत्ती, पोपट, नवरानवरीची नावं. पल्लवीचा मामा आणि पेंटर एकच, म्हणून दोन्ही कामं त्याचीच. चुलत्यांच्या, शेजाऱ्यांच्या, किती पोरींच्या भिंती दत्तानं केल्या.

हे म्हणाले, "आता भिंत कोण रंगवतंय? फ्लेक्स सांगून टाकतो. फोटोसकट येतंय. मामाचा बी टाकू."

द. तिथंच होता. "दाजी, माझा फोटो नका टाकू."

"अरे, तू मामा हायस."

"फोटो नका टाकू."

८ एप्रिल

मायनं माझ्या देखत त्याला विचारलं, एकदम सरळ. पल्लीची भिंत करणार का.

"माय, त्या भिंतीसमोर सगळं वऱ्हाड उभं ऱ्हाणार. हत्तीची सोंड थरथरलेली बगतील. म्हणतील, दत्ता पेंटर प्यायला लागला."

"म्हणू दे की."

"तुला म्हणू दे. भिंत तिथंच ऱ्हाती वर्सभर. मी रोज तिच्यासमोरून जाऊ?"

 

पल्लवी रात्री भांडी लावता लावता म्हणाली, "आई, तू नको विचारू मामाला. तुला न्हाई म्हणायला लागलं तर तो आपल्याकडं यायचाच बंद होईल."

बावीस वर्षांची पोर. हे तिला कुणी शिकवलं?

२२ एप्रिल

दत्ता परत जायलाय. आखातातच, दुसऱ्या कंपनीत. गोदामात खोकी मोजायचं काम, हात चालला नाही तरी चालतं. एजंटनं १० मेला हैदराबादला बोलावलंय.

"तेराला लग्न आहे, दत्ता."

"हां."

"तीन दिवस पुढं ढकल म्हणावं."

"विमान माझ्यासाठी थांबतंय व्हय, अक्का?"

एजंटच्या पोराला ह्यांनी फोन करून विचारलं. तारीख दत्तानंच निवडलीय. तिकडून पुढची बॅच महिनाअखेरीची होती.

हे मी त्याला कळू दिलेलं नाही. मायलाही नाही.

१ मे

सुट्टी. मायकडं लग्नाच्या पापडांचं पीठ घेऊन गेले होते. पाय धुवायला न्हाणीत गेले. आतली भिंत, दाराआडची, जिथं कुणी बघत नाही. ओली होती. गेरू पुसल्यावर राहतो तसा तांबूस डाग, आणि खाली कोपऱ्यात पुसायचं राहून गेलेलं वळण.

सोंड.

रेघ थरथरलेली, खरं आहे. दोन ठिकाणी तुटलेली. पण वळण तेच. अडत्याच्या भिंतीवरचं, मुडबीच्या भिंतीवरचं, पुलाखालचं. बघता क्षणी ओळखू येणारं. मी पायांवर पाणी घेतलं नाही, तशीच उभी राहिले. मग उरलेला कोपरा पाण्यात भिजणार नाही अशी बादली सरकवून बाहेर आले.

द. टीव्हीसमोर, त्या आगपेटीएवढ्या खुणेकडं बघत. त्याच्या बोटाच्या नखात लाल होतं.

बोटानं काढली होती म्हणजे. ब्रशनं नाही.

३ मे

सुनंदाला निरोप द्यावा का? ती ब्रश म्हणाली होती. आणि हे त्यानं दाराआड केलंय, लगेच पुसलंय. मी सांगणं म्हणजे त्याचं न्हाणीचं दार उघडणं. फोनपाशी जाऊन परत आले. लग्नाला ती येणारच आहे. तोवर हा गेलेला असणार.

मी अधूनमधून कथा लिहिते, म्हणून एका दिवाळी अंकवाल्यांचं पत्र आलंय, कथा पाठवा. काय पाठवू.

७ मे

भिंतीला चुना झाला. थोडी नीळ घालून. पांढरीशुभ्र, डोळे दिपतात. येणारा जाणारा विचारतो, पेंटर कोण? हे सांगतात, फ्लेक्स आहे.

फ्लेक्स आलंसुद्धा. पल्लवी आणि जावई गुलाबात उभे, वरच्या कोपऱ्यात गणपती. हत्ती नाही. दत्ताचा फोटो नाही, ह्यांनी शब्द पाळला. गुंडाळून कपाटामागं ठेवलंय. हे म्हणाले, लावून टाकू. मी म्हटलं, उन्हानं रंग जाईल, राहू दे दोन दिवस.

"फ्लेक्सचा रंग जात नसतो अगं."

"राहू दे."

त्यांनी राहू दिलं.

९ मे

दुपार. शाळेला सुट्ट्या लागल्यात, घर पाहुण्यांनी भरलंय, मी माडीवर येऊन लिहितेय. उद्या सकाळच्या बसनं द. हैदराबादला जाणार. आत्ता निरोप घ्यायला येतोय. मायचा सांगावा आला, पोरगा निघालाय, त्याला काहीतरी गोड कर.

शिरा केलाय. आणि गेरू भिजवून ठेवलाय, पितळी वाटीत, अंगणात तुळशीमागं. ब्रशही आहे, त्याचाच जुना, टपरी मोडली तेव्हा मी आणून ठेवलेला. ठेवलाय, पण बोटानं लावला तरी चालेल.

तो काय म्हणणार ते मला माहीत आहे. आधी "हां" म्हणेल, म्हणजे नाही. मी परत विचारलं तर हात खिशात घालेल. तिसऱ्यांदा विचारलं तर शिरा न खाता जाईल, आणि पल्लवी म्हणाली तसं होईल. पाहुणे बघत असतील. एजंटचं मला ठाऊक आहे हे चुकून तोंडून गेलं तर सगळंच संपेल. सुनंदाला मी अजून काही कळवलेलं नाही.

डॉक्टरांच्या कागदासमोर बसलेला तो आठवतोय. मीही आता तेच करतेय, कोरं काहीतरी त्याच्यापुढं सरकवतेय.

तरी विचारणार. शब्द ठरवून ठेवलेत, ऐन वेळी सुचत नाहीत म्हणून. लिहूनच ठेवते.

दत्ता, भिंत माझी हाय. हितं कुणी शिव्या देणार न्हाई, चप्पल घेऊन उभं ऱ्हाणारे अप्पा बी न्हाईत आता. सोंड थरथरली तर थरथरू दे, मी तिच्यासमोरून रोज जाईन, तू नको जाऊ. हत्ती नको काढू, नावं नको लिहू. उद्याची बस तेवढी चुकव, लग्नाला थांब, आणि मामाचा पहिला गेरू लावून जा.